आधी करडा, मग चेहरा

३ मार्च, सकाळ
सोळा तारखेला मुलगी नोकरीसाठी परदेशी जाणार. त्याआत तिचं ऑइल पेंटिंग पूर्ण करायचं. निश्चय पक्का. करड्या रंगाच्या ट्यूबा आणल्या, फिक्यापासून गडदपर्यंत. शास्त्र सोपं आहे. रंग डोळ्यांना फसवतो, करडा फसवत नाही. म्हणून प्रत्येक रंग करड्याशेजारी ठेवायचा आणि डोळे बारीक करून बघायचं, किती उजळ, किती गडद. याला व्हॅल्यू म्हणतात. ती जमली की चेहरा आपोआप येतो. ही म्हणाली, आपोआप येणार असेल तर तुम्ही तेवढ्यात गीझरवाल्याला फोन करा.

५ मार्च
मुलगी खिडकीशी बसली. तिच्या गालाजवळ करडा रंग फासलेल्या कागदी पट्ट्या धरून व्हॅल्यू ठरवली. ढग आले. पुन्हा ठरवली. ढग गेले. निसर्गाचं सहकार्य नाही. मुलीनं विचारलं, बाबा, बोलत बसले तर चालेल का? नको म्हटलं. बोललं की गालावरची सावली हलते.

८ मार्च
खुर्ची आणि पडदा अप्रतिम. चेहरा मुद्दाम मागे ठेवलाय. घाई केली की माती होते. मुलगी सकाळी तयार होऊन बसली होती, पण माझे करडेच मिसळून झाले नव्हते. मायलेकी खरेदीला गेल्या. बरंच झालं, एकाग्रता मिळाली.

११ मार्च
चेहरा सुरू. गाल भडक वाटले, म्हणून गुलाबीत जरा करडा मिसळला. मग ओठ भडक वाटायला लागले. तिथेही मिसळला. मग कपाळ. शेजारच्या डॉक्टरकाकू बघून म्हणाल्या, हिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. कलेतलं त्यांना काय कळतंय. संध्याकाळी चेहरा पुसून टाकला. खचलो वगैरे नाही.

१४ मार्च
पुन्हा बसवलं. आता ती न सांगताच गप्प बसते. मध्येच तिचे डोळे भरून आले. म्हणाली, उजेड डोळ्यांवर येतोय. मी पडदा ओढला. सगळ्या व्हॅल्यू बदलल्या.

१६ मार्च
विमानतळ. बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, पासपोर्ट घेतलास ना. तिच्या हातातच होता.

१९ मार्च
मुलीचा फोन. चेहरा झाला का, म्हणाली. म्हटलं, वाळतोय. तेलरंगाला वेळ लागतो, हे काही खोटं नाही. रेफरन्सला तिचा फोटो मागवला. हसतेय, नाक थंडीनं लालबुंद. फोनवर एक बटण दाबलं, फोटो करडा झाला. व्हॅल्यू सगळ्या बरोबर, एकही चूक नाही. नाक लाल असल्याचं मात्र कळेना. परत रंगीत केला. तेवढ्यात ही शेजारी येऊन बसली, दाखवा म्हणाली. दोघं बघत बसलो.
आज काम झालं नाही.