पाठीवरची पिल्लं

मुरुड,
१५ डिसेंबर २०२४

चि. मंजुश्रीस आईचे खूप आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. इस्लापूरला थंडी लई पडते म्हणतात. सकाळी दवाखान्यात जाताना स्वेटर घालत जा. दिवसभर दुसऱ्यांच्या जनावरांना तपासतेस, पण स्वतःचा खोकला-पडसं अंगावर काढतेस, ते मला माहीत आहे.

फोनवर तू "हाव, बरी हाय" म्हणून ठेवून देतेस. आणि तुझे अण्णा बाजूला बसलेले असले की मलाही बोलायचं सुचत नाही. म्हणून लिहायला बसले.

आपला प्राण्या-पाखरांचा पार्क चांगला चालला आहे. लातूरच्या शाळांच्या सहली सुरू झाल्या. इमू, ते मोठे लाल-निळे पोपट, सगळे ठीक आहेत. अण्णांचा गुडघा दुखतो, पण लेकरांची बस आली की पळत फाटकापर्यंत जातात. परवा शिरूर अनंतपाळच्या एका मुलीच्या हातावर त्यांनी पोपट बसवला. ती पोरगी श्वास रोखून उभी राहिली, आणि मग अशी हसली! अण्णा मला म्हणाले, "बघ सिंधू, पुस्तकातलं पाखरू हातावर बसलं. आपल्याकडच्या लेकरांना कोण दाखवतंय हे?" या पार्कावरून तू त्यांच्याशी भांडून गेलीस, तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्यांचं हे बोलणंही खोटं नाही, मंजू.

एक बातमी आहे. त्या परदेशी माकडांना, मुठीएवढ्या मार्मोसेटच्या जोडीला, जुळी पिल्लं झाली. लिंबाएवढी असतील. आपल्या वानरांसारखं नाही त्यांचं. यांच्यात बापच पिल्लांना पाठीवर घेऊन फिरतो, पाजायच्या वेळी तेवढं आईजवळ देतो आणि लगेच परत घेतो. मी तर तासभर बघत बसले होते.

आता पिल्लं माझ्याजवळ आहेत. ड्रॉपरनं दूध देते, पदराखाली झोपवते. संक्रांत जवळ आली म्हणून नावं ठेवली तिळू आणि गुळू. तिळू माझ्या पोलक्याची बाही धरल्याशिवाय डोळे मिटत नाही.

बाप पाठीवर घेऊन फिरत होता तर ती माझ्याजवळ कशी आली, असं तू विचारशील. ते आज लिहीत नाही. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी आई

मुरुड,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. मंजू, आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. असू दे, कामात असशील. शेजारच्या तारामतीच्या मुलीचं लग्न ठरलं, औशाला दिली. तुझी चौकशी करत होती. हरभरा काढायला आला आहे आणि माणसं मिळेनात.

गुळू गेला.

मागच्या रविवारी लातूरच्या एका कुटुंबानं लेकीचा वाढदिवस पार्कात ठेवला होता. सृष्टी नाव त्या लेकराचं, सहा-सात वर्षांची, गुणी पोर. केक कापताना खांद्यावर पिल्लू पाहिजे म्हणाले. मी गुळूला नेऊन दिलं. या हातातून त्या हातात, या खांद्यावरून त्या खांद्यावर चाललं होतं. तो माणसांना घाबरत नव्हता, माझ्याच अंगावर वाढलेला. तेवढ्यात कुणाचा तरी फुगा फुटला. गुळू दचकून उडाला तो खाली फरशीवर. बस्स, एवढंच झालं. कुणाचा दोष म्हणून सांगू? सृष्टी तर असं रडली की मलाच तिला जवळ घ्यावं लागलं.

अण्णा तिला म्हणाले, "रडू नको बाळ, दुसरं हाय की आपल्याकडं." आणि माझ्याकडं बघितलं. मी घरात गेले आणि तिळूला घेऊन आले. फोटो झाले, मंजू. गुळूला टॉवेलात गुंडाळून ओट्यावर ठेवलं होतं आणि बाहेर फोटो झाले. ते लोक वाईट नव्हते. त्यांना वाटलं, पार्कवाल्यांना चालत असेल तर चालतच असेल.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट फिरून राहिली आहे. मागच्या वेळी लिहायची टाळली ती. अण्णांना कुणीतरी सांगितलं होतं, पंधरा दिवसांत पिल्लू वेगळं केलं तरच माणसाळतं, नाहीतर मोठेपणी चावतं. त्यांनी नराच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि पाठीवरून पिल्लं ओढली. पिल्लांनी बापाचे केस सोडले नाहीत, केसांसकट आली. तो नर टॉवेलाखाली ज्या आवाजात ओरडला, तो आवाज एवढ्याशा जिवाचा वाटेना. मी जाळीबाहेर उभी होते. अण्णा म्हणाले, "धर." मी पदर पुढं केला.

आठवडाभर तो नर पाठ जाळीला घासायचा आणि वळून बघायचा. मला वाटायचं खाज सुटली असेल. तुला विचारायची हिंमत झाली नाही, कारण तू खरं सांगितलं असतंस.

मादी परत गाभण आहे. अण्णांनी उन्हाळी सुट्टीच्या पाट्या आत्ताच रंगवायला टाकल्यात. पाटीवर पिल्लांची चित्रं आहेत.

तुझी आई

मुरुड,
११ मे २०२५

चि. मंजू, आशीर्वाद.

तुझं पत्र मार्चमध्येच मिळालं. त्यात तू रागावली नव्हतीस. फक्त काय करायचं ते लिहिलं होतंस, डॉक्टर लिहितो तसं. ते जास्त लागलं मला.

तू सांगितलंस तसं तिळूचा लहान पिंजरा तिच्या आई-बापाच्या पिंजऱ्याला लावून ठेवला, मधे जाळी. वाटलं, रक्ताचं नातं आहे, ओळखतील. नर जाळीशी आला, वास घेतला आणि दात विचकले. तिळू तर त्यांच्याकडं पाठ करून बसली. ती माकडं बघून भ्याली गं! माझा आवाज ऐकला की जाळीतून हात बाहेर काढायची. पंधरा दिवस केलं. शेवटी अंग चाटून-ओरबाडून तिनं केस काढायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला परत घरात आणलं.

मी तिला जीव लावला, त्यात खोट नव्हती. पण माझ्या पदराशिवाय तिला जग राहिलं नाही, आणि पदर काही तिची जात नाही. हे मला कळायला तिचं बालपण गेलं.

एप्रिलच्या शेवटी मादी व्याली. परत जुळी. त्याच दिवशी मी अण्णांना म्हणाले, "या खेपेला पिल्लांना हात लावायचा न्हाई."

"अगं, सुट्ट्या लागल्या. लोक पिल्लांसाठी येतेत, इमूसाठी न्हाई."

"मग तुम्ही पाजा त्यांना. दर दोन तासाला, रात्रंदिवस. मी पाजणार न्हाई."

"मरतील की."

"काढली तर मरतील. न्हाई काढली तर त्यांचा बाप हाय त्यांना."

एवढ्या वर्षांत मी त्यांना असं उलटून बोलले नव्हते. ते जेवले नाहीत. आठवडाभर आम्ही चहा-पाण्यापुरतं बोललो.

मग एका सकाळी मी झाडून काढत होते तर अण्णा टॉवेल खांद्यावर टाकून पिंजऱ्याकडं निघालेले दिसले. मी झाडू टाकून मागं गेले, पण थोडी लांबच थांबले. मंजू, त्या नरानं यांना बघितलं. यांच्याकडं नाही, टॉवेलाकडं बघितलं. आणि सरकत सरकत कोपऱ्यात गेला, पाठ भिंतीला लावली. पिल्लं भिंतीच्या आणि त्याच्या मधे. तोंड यांच्याकडं. ओरडला नाही, दात विचकले नाहीत.

अण्णा दाराची कडी हातात धरून उभे राहिले. मला वाटलं आता उघडतील. बराच वेळ तसेच उभे होते. मग कडी सोडली, टॉवेलानं तोंड पुसलं आणि माझ्या बाजूनं निघून गेले. माझ्याकडं बघितलं नाही. दुपारी वनखात्याच्या हापिसात फोन त्यांनीच केला. मी नाही सांगितलं.

परवा गाडी आली. प्राण्यांच्या संगोपन केंद्राची माणसं होती, एक डॉक्टरीण, तुझ्याच वयाची. पोपटही नेले. इमूंसाठी पुढच्या आठवड्यात मोठी गाडी येणार आहे. माकडांची जोडी आणि पिल्लं एकाच पिंजऱ्यात गेली. नर शेवटपर्यंत पिल्लं पाठीवर घेऊनच होता. त्यांना त्यांच्या मुलखात सोडता येणार नाही, ते जंगल सात समुद्रापलीकडं आहे. जन्मभर पिंजराच. फक्त तिथं कुणी हात लावणार नाही आणि पुढं पिल्लं होऊ देणार नाहीत. एवढंच चांगलं आता त्यांच्यासाठी उरलंय, असं ती डॉक्टरीण म्हणाली.

तिळूला वेगळं नेलं. अशीच माणसांत वाढलेली आणखी काही आहेत, त्यांच्या शेजारी ठेवणार. मी विचारलं, "महिन्यातून एकदा येऊन बघून गेले तर चालेल का?"

ती पोर म्हणाली, "मावशी, रागावू नका. तुम्ही येऊ नका. तुमचा आवाज आला की ती परत तुमच्याकडंच धावंल. तुम्हाला विसरली तरच तिचं काही होईल."

मी बरं म्हणाले. तिळूची बोटं माझ्या बाहीतून एकेक करून सोडवावी लागली. गाडी बार्शी रोडला लागेपर्यंत तिचा आवाज येत होता. मग रस्त्याच्या गाड्यांचा आवाज आला.

सुट्टीची लेकरं अजून येतात. अण्णा फाटकाशी उभे राहून सांगतात, "बंद झालं बाळांनो." काही रडतात. त्यांना पेरू देतात आणि परत लावून देतात. पार्कचं काय करायचं ते ठरलं नाही. कधी कधी रिकाम्या पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून बसलेले दिसतात. मी बोलवत नाही.

आत्ता हे लिहिताना ते समोर बसले आहेत. मी विचारलं, "मंजूला तुमच्याकडून काय लिहू?" मग म्हणाले, "लिही की बाप चुकला." लगेच म्हणाले, "न्हाई, ते नको लिहू. तिचं म्हणणं बरोबर होतं, एवढंच लिही."

मी दोन्ही लिहिलं आहे.

तुझे
आई आणि अण्णा