देशाचं गाणं, माझी चाल

२ मार्च, सकाळी ८
आजपासून रोज लिहिणार. कुणासाठी नाही, स्वतःसाठी. मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी.

लहान मुलांच्या आंतरराष्ट्रीय गायन स्पर्धेत यंदा पहिल्यांदाच आपला देश उतरतोय. काल मॅडमनी, म्हणजे आमच्या टीव्ही केंद्राच्या प्रमुखांनी, मीटिंगमध्ये जाहीर केलं की गाणं मी करायचं. एकमताने ठरलं. (मीटिंगला तिघंच होतो. तिसरा ध्वनिमुद्रक, तो झोपला होता. विरोध मात्र केला नाही.)

हवामानाच्या बातम्यांआधीची धून गेली बावीस वर्षं माझीच वाजते. अकरा सेकंद. अकरा सेकंदांत ऊन, धुकं आणि वादळ बसवणारा दुसरा माणूस दाखवा.

५ मार्च
गाणं तयार. शब्दही माझेच. ‘हे ज्योतिर्मय मानव्या!’ लांबी सात मिनिटं. शेवटी तार षड्ज, तोही लांबवलेला. परीक्षक उभे राहतील.

हिला ऐकवलं. सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत गाणं शिकवून आता रिटायर झालेली बाई. ऐकून एवढंच विचारलं की मुलाने यात श्वास कुठे घ्यायचा. झालं! यांची झेप बडबडगीतापर्यंत.

११ मार्च
निवड चाचणी. एकशे चाळीस मुलं, दोनशे ऐंशी आईबाप. सगळे स्वर्गातून उतरल्यासारखे. मुलं नाकात गात होती, आया दारामागून हातवारे करत होत्या. मी एका दंतवैद्याच्या मुलीला पसंती दिली. उच्चार स्वच्छ, फ्रॉक इस्त्रीचा. मॅडमनी निवडली लिफ्टदुरुस्तीवाल्याची मुलगी. वय साडेदहा, एका बुटाची नाडी सुटलेली.

गायला कुठे शिकलीस, असं विचारलं. म्हणाली, बाबा लिफ्ट दुरुस्त करत असतात तेव्हा त्या मोकळ्या खड्ड्यात आवाज मस्त घुमतो. धन्य! ज्योतिर्मय मानव्याचा उगम लिफ्टच्या खड्ड्यात. मी मनातल्या मनात तिचं नाव ‘लिफ्टवाली’ ठेवलं.

१८ मार्च
स्टुडिओला रंग लावताहेत, म्हणून तालीम आमच्या घरी. लिफ्टवालीने पहिलाच प्रश्न केला, काका, मानव्य म्हणजे काय? मोठी झालीस की कळेल, असं सांगितलं. त्यावर, तुम्हाला कळलंय का, असं विचारते! स्वयंपाकघरातून हिच्या खोकल्याचा आवाज आला. खोकला नव्हता तो.

निश्चय: प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही. प्रश्न हा तालमीचा शत्रू.

२४ मार्च
आयोजकांचं नियमपत्रक आलं. गाणं तीन मिनिटांच्या आत. स्टेजवर फक्त मुलं.

म्हणजे मी पेटी घेऊन मागे बसणार होतो, ते गेलं. मखमली कोट शिवायला टाकला होता, तो आता लग्नकार्यात घालेन. सात मिनिटांचं तीन कसं करायचं, यावर पूर्ण दुपार विचार केला. एक अक्षरही गाळता येणार नाही. तेव्हा दुपटीपेक्षा जास्त वेगात म्हणायचं. आजच्या पिढीला वेगच आवडतो.

२६ मार्च
लिफ्टवालीने वेगात म्हणून बघितलं. तिसऱ्या ओळीत जीभ अडखळली, पाचवीत हसू फुटलं. मी रागावलो. ही म्हणाली, अहो, रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखं वाटतंय. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

३० मार्च
तार षड्ज लागत नाही. ही आठवडाभर मागे लागली आहे की पट्टी दोन सुरांनी उतरवा, घसा कोवळा आहे. पट्टी उतरवायची म्हणजे मान उतरवायची. शेवटचा सूर हा गाण्याचा प्राण. आज तो तिच्याकडून चाळीस वेळा गाऊन घेतला. मोजून. चाळिसाव्या वेळी बिजागरीसारखा आवाज निघाला, पण उंची बरोबर होती. प्रगती आहे.

जाताना तिने नेहमीसारखं ‘येते’ म्हटलं नाही. नुसती मान हलवली. शिष्टपणा आत्तापासूनच.

३१ मार्च
लिफ्टदुरुस्तीवाल्याचा फोन. मुलीचा आवाज बसलाय. बसलाय म्हणजे गेलाच. घशाच्या डॉक्टरांनी दहा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही असं सांगितलंय. स्पर्धा एकोणीस दिवसांवर!

नक्की थंड पाणी प्यायली असणार. शिवाय लिफ्टच्या खड्ड्यातली हवा. डॉक्टरांनी म्हणे विचारलं की पोरीला शिकवतं कोण. बाप म्हणाला, साहेब, मी तुमचं नाव सांगितलं नाही. का नाही सांगितलं? डॉक्टरांच्या ओळखी चांगल्या असतात.

ही रात्री जेवताना एक शब्द बोलली नाही. घरात मौनाची साथच आली आहे.

४ एप्रिल
लिफ्टवाली तरीही येते. वही-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात हिच्याजवळ बसते. ही हळू आवाजात गुणगुणते, ती ऐकते, लिहिते. मी आत डोकवायचं नाही असं ठरवलं आहे. पाणी प्यायला जावंच लागतं, ती गोष्ट वेगळी.

टेबलावर एक चिठ्ठी दिसली. मुलीचं अक्षर: काका माझ्यावर रागावलेत का? खाली हिचं: नाही गं, त्यांना घाबरल्यावर रागावता येतं, दुसरं काही येत नाही.

हिचं अक्षर फार बिघडत चाललंय.

१० एप्रिल
डॉक्टरांनी परवानगी दिली, पण हळूहळू. तालीम आता स्वयंपाकघरात, दार लोटून. मी बाहेर बसून असहकार पुकारला. मला बोलवायला येतील तेव्हाच उठायचं.

संध्याकाळी ६. अजून कुणी आलं नाही.

१३ एप्रिल
मॅडमचा फोन. मुलीबरोबर दोघांनाच जाता येईल: वडील आणि माझी बायको. तुम्ही इथली बाजू सांभाळा, म्हणाल्या. साहजिक आहे. मागे कुणीतरी जबाबदार माणूस लागतोच. स्पर्धा आमच्या केंद्रावर लाइव्ह दाखवणार आहेत, त्यात तज्ज्ञ म्हणून मी बोलायचं. खरं काम हेच. गाणं काय, कुणीही गाईल.

१५ एप्रिल
विमानतळावर सोडायला गेलो. मुलीला शेवटच्या सूचना लिहून दिल्या, चार पानं. तिने नीट घडी घालून हिच्या पर्समध्ये ठेवल्या. हिने चेन लावली.

१९ एप्रिल
मखमली कोट घालून स्टुडिओत बसलो. आपली मुलगी स्टेजवर येण्याआधी निवेदिकेने मला विचारलं की प्रेक्षकांनी काय ऐकावं. मी अख्ख्या देशाला सांगितलं, शेवटचा तार षड्ज ऐका, अंगावर काटा येईल.

ती आली. नाड्या बांधलेल्या. चाल माझीच, पण दोन सूर खाली, आणि कुठे घाई नाही. ज्योतिर्मय नाही. मानव्य नाही. ती गात होती:

माझ्या खिडकीतून तुझी खिडकी दिसत नाही,
तरी मी हात हलवते,
तूही हलवत असशील.

कुणाचे शब्द हे? गाताना तिने खरंच हात हलवला. भाषा कळत नसलेलं ते सभागृह, हजारभर माणसं, हात हलवायला लागली. आमच्या स्टुडिओतल्या कॅमेरामननेही कॅमेरा सोडून हात हलवला. माझा हात कोटाच्या खिशात होता.

गाणं संपलं. तार षड्ज आलाच नाही. निवेदिकेने गोड हसून विचारलं, सर, तो सूर कुठला? मी म्हणालो, तो अध्याहृत आहे.

२० एप्रिल
सोळा देशांत सातवे. माझी सात मिनिटं मिळाली असती तर पहिले होतो.

सगळीकडे तीच खिडकी. हवामानाची बातमी देणारासुद्धा शेवटी हात हलवून गेला, माझ्या धूनवर! मॅडमकडे लेखी निषेध घेऊन गेलो. त्यांनी कागद पुढे सरकवला. शब्द: मुलीचे. मार्गदर्शन: माझी बायको. चाल: मी. तुमचं नाव ठेवा असा आग्रह तुमच्या मिसेसचाच होता, असं म्हणाल्या. निषेध परत आणला.

२३ एप्रिल, दुपार
ही काल परतली. आज बाजारात गेली असताना बेल वाजली. लिफ्टवाली. काकू आहेत का, म्हणाली. नाहीत, म्हटलं. येतील, बस. ती दारातच उभी राहिली.

दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं, त्या दिवशी चाळीस वेळा सूर लावताना घसा दुखत होता का?

हो, म्हणाली.

मग सांगितलं का नाहीस?

सांगितलं होतं, म्हणाली. बाराव्या वेळी. तुम्ही म्हणालात, तेरा.

मला आठवत नाही. पण मी तसंच म्हणालो असणार.

सॉरी म्हणालो. बहुतेक पुटपुटलो, कारण तिला ऐकू आलं नाही. मग परत म्हणालो, मोठ्याने. ती बरं म्हणाली, चपला काढल्या आणि काकूंची वाट बघत स्वयंपाकघरात जाऊन बसली.

तिला पाणी नेऊन दिलं. कोमट.