बेसिनची उंची

बाबा,

मी कामावर जाते आहे, सुट्टी संपली. पोळीभाजी झाकून ठेवली आहे, थोडं तरी खा.

जिन्याखालच्या टॉयलेटमध्ये प्लंबरने कपाट बसवलंय. त्यावरचं वाडग्यासारखं बेसिन अजून नुसतंच ठेवलेलं आहे, त्याला हात लावू नका. उद्या सकाळी येऊन तो ते चिकटवणार आहे. दार कपाटाला अडतं, तेव्हा जरा तिरके होऊन आत जा.

कपाट फार खाली आलंय. तो म्हणाला, "ताई, काकांनी भिंतीवरची खूण दाखवली, तिथंच बसवलं. पण वाकून वाकून कंबरडं मोडेल हो. घरात कुणी बुटकं आहे का?"

ती खूण आईच्या कोपराच्या उंचीची, तिच्यासाठी केलेली. तुम्ही सवयीने दाखवली असणार. आई जाऊन दीड महिना झाला, हे त्याला ठाऊक नाही. मी म्हटलं, "आहे."

तुमची कंबर आधीच धरते. उंची वाढवायची असेल तर बेसिन चिकटवायच्या आत त्याला सांगा, तो कपाटाखाली पाय लावून देईल. मला वाईट वाटणार नाही. फक्त ते त्याला सांगायचं काम माझ्यावर टाकू नका.