फ्लेक्समागचा बोर्ड

मंगळवार, संध्याकाळ. रामवाडी.

सुटले एकदाची! आधी हे लिहून टाकते.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सकाळी तिला घेऊन रोह्याला गेले होते. दवाखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर बाकीच्या गाड्या उभ्या होत्या, तिथेच आपलीही लावली. दुपारी आईचा हात धरून बाहेर आले, तर चाकाला कुलूप. खुर्चीवर बसलेला माणूस म्हणाला, "खाजगी पार्किंग हाय. हजार रुपये दंड. बोर्ड वाचला नाय?"

बोर्ड होता, पण कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्समागे. नुसता कोपरा दिसत होता. एरवी मी पैसे देऊन मोकळी झाले असते. आज का नाही दिले? आई उन्हात उभी होती, म्हणून बहुधा. म्हटलं, "मालकाला बोलवा. पार्किंगचे होतील ते देते, दंड देणार नाही."

मालक आला. त्याला फ्लेक्ससमोर उभं केलं. "आता इथून बोर्ड वाचून दाखवा." आवाज चढला होता माझा. माझा! तेवढ्यात डोळ्यावर पट्टी बांधलेली आई म्हणाली, "मला एकाच डोळ्यानं दिसतंय रे बाबा. तुला दोन्हींनी तरी दिसतोय का?"

तो ओशाळला. वीस रुपये घेतले आणि कुलूप काढायला लावलं.

परतताना खांब गाव येईपर्यंत आई खिडकीबाहेरच बघत होती. मला वाटलं, रागावली. मग म्हणाली, "तुला भांडता येतं व्हय गो? मग इतकी वर्षं तुझी भांडणं मी कशाला भांडत होते?"