दोन डाव्या बाह्या

सोन्या,

तू विचारलंस, "आत्या, खरं सांग, बाबांचं माझ्यावाचून अडतंय का?"

अडतंय. तू बायकोबरोबर वेगळा राहायला गेल्यापासून दादा स्वतःच कापड बेततो, आणि त्याला आता खडूची रेघ दिसत नाही. काल त्याने एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. गिऱ्हाईक हसून म्हणालं, "मास्तर, मला उजवा हातही आहे बरं का!" दादाही हसला. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र कात्री मांडीवर घेऊन बसून राहिला. जेवायलाही उठला नाही.

"पोराला बोलावू का?" मी विचारलं.

"खबरदार! कळलं तर धावत येईल. आणि आला, तर परत जा म्हणायची ताकद माझ्यात नाही."

तुझ्या बायकोने तुला बजावलंय, "आता घरी गेलास तर परत माझ्याकडे येऊ नकोस." मला तिचा राग येतो. पण आपल्याच दुकानात काजं-बटणं करत, तुझा पाय घरातून निघायची तिने किती वाट पाहिली, तेही मी पाहिलंय. मी तुझं भलं बघतेय की दादाचा हट्ट पुरवतेय, माझं मलाच कळत नाही.

परत जा म्हणायची ताकद माझ्यातही नाही. म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. दुसरं लिहीन. त्यात बाबांचं तुझ्यावाचून छान चाललंय असं असेल, आणि ते वाचून तुला वाईटच वाटेल.

तुझी,
आत्या