ताईचं वेगळं ताट

धाड, रविवार, १४ मे १९६७

सुटीला आले त्याच दिवशी मी बोलून गेले, की आमच्या प्रयोगशाळेत मेलेले जंतू टोचले तरी उंदरांचे सांधे ताईच्या बोटांसारखे सुजतात. जंतू म्हटल्याबरोबर आईने ताईचं ताट वेगळं मांडलं. आज आईला समजावलं, हे पसरत नाही.

"मंग होते काऊन?"

"जंतू मेले तरी आंगच आंगाशी लढत राह्यते."

आईने ताट पंगतीत घेतलं. ताई मात्र बोटांकडे पाहत राहिली. "म्हणजे मीच मले खाऊन राह्यली का वं?"

नाही म्हणायला हवं होतं का? बाबांनी घरी अक्षरांआधी खरं बोलणं शिकवलं. जंतूंवर तिला निदान रागावता तरी येत होतं.