बटणसेल बदलला, त्याची हकीकत

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (माझी आठही अंगं जुनीच आहेत, तुमच्यासारखा नवा गुडघा अजून नशिबी नाही.) तो वाकतो का? डॉक्टरांनी तुम्हाला जिना आणि त्रागा दोन्ही वर्ज्य केल्याचं दादाने कळवलं. दुसरं पथ्य ध्यानात ठेवून पुढचं वाचावं. मामी खुशाल आहे.

ऑपरेशनसाठी दादाकडे जाताना तुम्ही मला एकच काम सांगितलं होतं. तुमच्या त्या आठ ओळींच्या पडद्याच्या, वहीएवढ्या जुन्या संगणकात जादा मेमरीची डबी आहे, तिच्यात तुमच्या जमीनमोजणीच्या नोकरीतल्या आठवणी आहेत (प्रकरणं एकवीस, प्रत शून्य, कारण दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर तुमचा विश्वास नाही), आणि यंत्र बंद असताना त्या एका बटणसेलवर तग धरून असतात. तो सेल संपत आला होता. तो बदलायचा, पण बदलताना यंत्राचे चार पेन्सिल सेल जागेवरच ठेवायचे, म्हणजे डबीला तेवढा वेळ त्यांचा आधार. तुम्ही हे तीनदा सांगितलंत, वर चिठ्ठी चिकटवलीत. मी तीनदा हो म्हणालो.

आता माझी बाजू ऐका. मी अठरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. आमच्यात पहिला नियम एकच, आधी करंट तोडा, मग हात लावा. (तो विसरलेले आमचे हेडमिस्त्री बोटांवर आठपर्यंतच मोजतात.) रविवारी सकाळी मी मामीच्या शिवणयंत्राशेजारचं टेबल पुसलं, रुमाल अंथरला, तुमची चिठ्ठी मोठ्याने वाचली, आणि माझ्या हातांनी आपणहून चारही सेल काढून रुमालावर ओळीने मांडले. मग स्क्रू काढला, तर बटणसेल टुणकन उडून शिवणयंत्राखाली गेला. तो शोधताना तुमचा हरवलेला चष्मा सापडला (डावी काच शाबूत आहे). सेल काही मिळेना. आपल्याला तो टाकूनच द्यायचा होता, हे मामीने लक्षात आणून दिलं, तोवर अर्धा तास गेला होता. नवा सेल आधी उलटा, मग सुलटा बसवला. आता झकास बसलाय. घड्याळवाला म्हणतो, पाच वर्षं बघायला नको. तेव्हा काळजी नसावी.

तुमचा आज्ञाधारक (हा शब्द सवयीने लिहिला गेला),
भाचा

ता. क. यंत्र सुरू केलं, तर त्याने आजची तारीख विचारली. म्हणजे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. डबी रिकामी आहे, मामा. एकवीसही प्रकरणं गेली. मी टेबलाशी बसून चक्क रडलो.

आणखी ता. क. मामी म्हणाली, "रडणं आवर. इतकी वर्षं रोज जेवताना ऐकतेय मी ते. कागद घे." सहा प्रकरणं झाली. तुमची वाक्यंच्या वाक्यं तिला पाठ आहेत, कुठे खाकरायचं तेसुद्धा. फक्त चौथ्या प्रकरणात तुम्ही मोजणीची दुर्बीण डोक्यावर घेऊन गळ्याएवढ्या पुरातून गेलात ना, तो पूर तिने घोट्यापर्यंत उतरवलाय आणि दुर्बीण हमालाच्या डोक्यावर दिलीय. मी हरकत घेतली, तर म्हणाली, "त्या दिवशीची पँट मी धुतली होती."

शेवटचं. विचारायचं होतं ते हे, की पाणी किती ठेवू? गुडघ्यापर्यंत मी तिला राजी करीन. पण निरोप लवकर पाठवा, जमल्यास स्वतःच या. सोमवारी ती लग्नाचं प्रकरण सांगणार आहे. तुमच्या पुस्तकात ते एका ओळीत होतं. तिने त्यासाठी दोन नव्या वह्या आणून ठेवल्या आहेत.